सव्वा मूठ गहू आणि मानवशास्त्राची वही

शहादा तालुक्यातील एका जिल्हा परिषद शाळेत शिकवणाऱ्या आणि नोकरी सांभाळून बाहेरून समाजशास्त्रात एम. ए. करणाऱ्या एका शिक्षकांनी तीन प्रश्न विचारले आहेत. मानववंशशास्त्रात मोलाची भर घातली असे ज्यांच्याविषयी पाठ्यपुस्तकांत लिहिलेले असते, त्या अभ्यासकांनी नेमके काय केले? त्यातले खानदेशात राहणाऱ्या माणसाच्या उपयोगाचे काय? आणि विद्यापीठात नसलेल्या माणसाला या शास्त्रात भर घालता येते का? हे तिन्ही प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत, म्हणून उत्तरही एकत्रच देतो. तापीकाठची गावे आणि सातपुड्यातले पाडे यांत नोंदी करण्यात माझी तीस-बत्तीस वर्षे गेली; त्यामुळे पुढे जे लिहिले आहे त्यात वाचलेल्याइतकाच पायाखालून गेलेल्याचा भाग आहे, आणि काही मते माझी एकट्याची आहेत.

सुरुवातीच्या वर्षांत शिरपूर तालुक्यातील एका गावी मी कुटुंबांची पाहणी करत होतो. छापील तक्त्यातला पहिलाच रकाना ‘घरातील एकूण माणसे’ असा होता. एका घरी रेशनकार्डावर सहा नावे होती. संध्याकाळी त्याच घरी जेवायला थांबलो, तेव्हा एका चुलीवर आठ जण जेवले. पुढे श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी बसणाऱ्या कानबाई या खानदेशी देवीसाठी रोटांची, म्हणजे गव्हाच्या जाड पोळ्यांची, तयारी चाललेली असताना पुन्हा गेलो. घरातली आजी एकेका पुरुषाचे नाव घेऊन सुपात सव्वा मूठ गहू टाकत होती, आणि तिने अकरा नावे घेतली. त्यांत बारा वर्षांपूर्वी सुरतेला लूमवर कामाला गेलेले दोन पुतणे होते, कधीच वेगळी चूल मांडलेला दीर होता आणि तीन महिन्यांचा नातूही होता. घरातल्या एकाही लेकीचे किंवा सुनेचे नाव त्यांत नव्हते. या गव्हाचे रोट भाऊबंदकीतच खायचे असतात, बाहेरच्याला द्यायचे नसतात. म्हणजे कोण आपला आणि कोण बाहेरचा याचा हिशेब दरवर्षी एकदा त्या सुपात मांडला जातो.

सहा, आठ आणि अकरा यांपैकी कोणता आकडा लिहायचा, असे मी पाहणीच्या प्रमुखांना विचारले. त्यांनी रेशनकार्डाचा लिहायला सांगितले, आणि मी तो लिहिला. तो चुकीचा होता असे आजही म्हणता येणार नाही. रेशनकार्ड ‘शिधा किती जणांचा’ या प्रश्नाचे उत्तर देते, चूल ‘राबते आणि जेवते कोण’ याचे, आणि सूप ‘मेल्यावर सुतक कोणाला’ याचे. चुकीचा होता तो रकाना, कारण घर ही एकच एक वस्तू आहे असे त्याने आधीच गृहीत धरले होते. मानवशास्त्रात ज्याला मोलाची भर म्हणता येईल असे काम मी जेव्हा जेव्हा वाचले, तेव्हा ते बहुतेक वेळा याच जातीचे निघाले: आधीचा प्रश्न अपुरा होता हे कुणीतरी लोकांच्याच बोलण्याचालण्यातून दाखवून दिलेले असते. नवा सिद्धान्त, नवी संज्ञा, जाडजूड ग्रंथ हे सगळे त्याच्या मागून येते.

शास्त्राच्या नावापासूनच हे दिसते. आपण सर्रास ‘मानववंशशास्त्र’ म्हणतो, आणि मीही वर तेच लिहिले. त्यातला ‘वंश’ हा शब्द कवट्या आणि नाके मोजण्याच्या काळाची खूण आहे. संस्कृतीचा अभ्यास करणाऱ्यांनी ‘मानवशास्त्र’ म्हणावे हे मला अधिक बरे वाटते, आणि यापुढे तेच म्हणतो.

आता ओळीने मोठी नावे सांगण्यापेक्षा एक गुरुपरंपरा सांगतो, कारण तिचे एक टोक आपल्यापर्यंत पोचते. डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स हे मूळचे वैद्यक आणि मानसशास्त्राचे अभ्यासक. १८९८ साली केंब्रिजची एक तुकडी टॉरेस सामुद्रधुनीतील बेटांवर गेली, तिच्यात ते होते. दृष्टी, श्रवण यांच्या चाचण्या घेताना कोण कोणाचा कोण हे कळावे म्हणून त्यांनी घराघरांच्या वंशावळी लिहून घ्यायला सुरुवात केली, आणि त्यांच्या लक्षात आले की अमूर्त प्रश्नांना उत्तरे न देणारा माणूस आपल्या नातलगांची नावे मात्र अचूक आणि न थकता सांगतो. ‘तुमच्यात लग्नाचे नियम काय?’ असे विचारण्यापेक्षा पाच पिढ्यांतली झालेली लग्ने लिहून घ्यावीत, नियम आपोआप दिसतो. ही वंशावळीची पद्धत पुढे जगभर वापरली गेली. स्वतः रिव्हर्स नीलगिरीतल्या तोडा लोकांत राहिले आणि १९०६ साली त्यांचा तोडांवरचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. याच रिव्हर्स यांच्याकडे मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये केंब्रिजला शिकले, १९२४ पासून मुंबई विद्यापीठाच्या समाजशास्त्र विभागाचे प्रमुख झाले, आणि घुर्यांकडे इरावती कर्वे एम. ए.ला होत्या. वंशावळ लिहिण्याची पद्धत आपल्याकडे अशी वंशावळीनेच आली. त्र्यंबकेश्वर-नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या चोपड्यांत आपल्या आजोबा-पणजोबांच्या सह्या पाहिलेल्या खानदेशी माणसाला यात नवल वाटू नये. फरक इतकाच की चोपडीला दक्षिणेशी कर्तव्य असते आणि रिव्हर्सना नियमाशी.

इरावतीबाईंविषयी थोडे थांबून लिहावे लागेल, कारण मराठीत त्यांची ओळख ‘युगान्त’च्या लेखिका म्हणून इतकी मोठी आहे की त्यांचे मूळ काम झाकले गेले आहे. १९२०च्या दशकाच्या अखेरीस त्या बर्लिनला ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली पीएच. डी.साठी गेल्या. फिशर हे वंशश्रेष्ठत्व मानणारे शास्त्रज्ञ होते, आणि त्यांनी इरावतीबाईंना दिलेल्या विषयात अपेक्षित उत्तर आधीच दडलेले होते: कवटीच्या दोन बाजूंतील असमानतेचा वंशाशी संबंध जुळवून दाखवायचा. बाईंनी कवट्या मोजल्या आणि तसा संबंध दिसत नाही असे लिहून दिले. परक्या देशात, ज्यांच्या सहीवर पदवी अवलंबून त्यांच्याच गृहीतकाविरुद्ध, एका तिशीच्या आतल्या मराठी बाईने हे केले. माझ्या दृष्टीने त्यांची ही पहिली भर पुढच्या सगळ्या ग्रंथांइतकीच मोलाची आहे.

पुढे डेक्कन कॉलेजात राहून त्यांनी देशभर फिरून नातेसंबंधांच्या संज्ञा गोळा केल्या. १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथात भारताचे उत्तर, मध्य, दक्षिण आणि पूर्व असे चार नातेप्रदेश मांडलेले आहेत. उत्तरेत मुलगी परक्या घरी, परक्या गावी द्यायची. दक्षिणेत ती नात्यातच द्यायची, मामाला किंवा मामा-आत्याच्या मुलाला. महाराष्ट्र मधल्या पट्ट्यात येतो: मामाची मुलगी करायला हरकत नाही, पण उलट बाजूने आत्याची मुलगी करणे अनेक जातींत निषिद्ध. हे वाचून खानदेशाकडे पाहिले की गंमत अशी दिसते की ही सीमारेषा नकाशावर नसून गावाच्या गल्ल्यांतून जाते. तापीकाठच्या एकाच गावात एका आळीत मामाची मुलगी हक्काची समजली जाते, आणि पलीकडच्या आळीत तिच्याशी लग्नाचा विचारही बहिणीशी लग्नासारखा वाटतो. म्हणून बाईंचे चार प्रदेश चुकीचे ठरतात का? ठरत नाहीत, पण त्यांच्या कडा कुठे विरतात हे पाहण्यासाठी खानदेशापेक्षा चांगली जागा मला माहीत नाही, आणि ते काम अजून कोणी नीट केलेले नाही असे माझे मत आहे.

घुर्ये आणि त्यांच्या या विद्यार्थिनीत जातीच्या उगमावर मतभेद होता, तोही सांगण्यासारखा आहे. एक मूळ जात फुटत जाऊन पोटजाती झाल्या, हे घुर्यांच्या बाजूचे म्हणणे. इरावतीबाई म्हणत की आपापसांत बेटीव्यवहार नसलेले कुंभारांचे गट हे एका कुंभार जातीचे तुकडे असतीलच असे नाही. वेगवेगळ्या ठिकाणाहून आलेले वेगळे गट एका धंद्यामुळे एका नावाखाली गोळा झालेले असू शकतात. त्यासाठी त्यांनी शरीरमापनाचाही आधार घेतला. मोजपट्टीचा तो आधार आज कोणी फारसा मानत नाही, पण नाव एक म्हणून लोक एक हे गृहीतक त्यांनी मोडले ते मोडलेच. पश्चिम खानदेशातल्या भिल्लांची सामाजिक-आर्थिक पाहणीही त्यांनी केली होती, आणि ‘भिल्ल’ या एका शब्दाखाली सरकारने काय काय कोंबले आहे हे धडगाव-अक्कलकुव्याकडे गेलेल्या माणसाला पहिल्या आठवड्यातच कळते. तळोदा-अक्कलकुव्याकडचे देहवाली बोलणारे, धडगावचे नोयरी बोलणारे आणि पावरा यांची बोली, लग्नविधी, देव सारखे नाहीत. एकमेकांना ते एक समजतही नाहीत.

हा एक शब्द आला कोठून, हे पाहायला दोनशे वर्षे मागे जावे लागते. १८१८ साली खानदेश इंग्रजांकडे गेला. १८२५ मध्ये जेम्स औट्रम यांनी भिल्लांचीच पलटण उभी केली आणि तिचे ठाणे धरणगावी होते. ज्यांच्याशी लढायचे किंवा ज्यांना पलटणीत घ्यायचे, त्यांची माहिती सरकारला हवी होती. १८४३ मध्ये कॅप्टन ग्रॅहम यांनी खानदेशातल्या भिल्लांवर टिपण लिहिले, आणि १८८० साली जेम्स कॅम्बेल यांच्या संपादनाखाली मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा खानदेश खंड निघाला. या दोन्हींत आजही उपयोगी पडणारी माहिती पानोपानी आहे. कोणत्या कुळाचा देव कोणता, कोण काय खात नाही, कोणत्या डोंगरात कोणाची वस्ती, हे दुसरीकडे कुठे सापडणार नाही. पण लिहिणाऱ्याचा प्रश्न एकच होता: हे लोक शांत बसतील का? त्यामुळे जो शेती करू लागला तो सुधारलेला, जो रानात राहिला तो रानटी, अशी एक चढण त्या पानांत सगळीकडे आहे. १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा याच विचारातून जन्मला, आणि तो रद्द व्हायला १९५२ साल उजाडले. गॅझेटियर वाचूच नये असे म्हणणारे तरुण मला भेटतात. मी त्यांना सांगतो की जरूर वाचावे, मात्र प्रत्येक वाक्यापाशी ‘हे कोणी, कोणाला विचारून लिहिले असेल?’ असे समासात लिहीत जावे. बहुधा उत्तर मामलेदार किंवा कारकून असे येते.

भाषेच्या बाबतीत याहून मजेदार प्रकार घडला. ब्रिटिश अधिकारी आणि भाषाभ्यासक ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषासर्वेक्षणाचा मराठीचा खंड सातवा. पण खानदेशी त्यात नाही. ती नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात, भिल्ली बोलींच्या सोबत, १९०७ साली छापली गेली. तोपर्यंत अहिराणीला मराठीची बोली समजत. या खंडाने तिचे आतले वळण गुजरातीच्या जवळचे आहे असे दाखवले. ‘मन्हा बाप’, ‘गावनी वाट’ यांतला ‘ना-नी-नं’ प्रत्यय ऐकला की त्या म्हणण्यात तथ्य होते हे पटते. आज जनगणनेतही खानदेशी मराठीखाली मोजली जात नाही, तिचा आकडा वेगळा येतो. २०११ मध्ये तो सुमारे १८.६ लाख होता. पण सर्वेक्षणाने मुख्य नमुना म्हणून काय वापरले? बायबलातील उधळ्या मुलाची गोष्ट. प्रत्येक भाषेत तीच गोष्ट भाषांतरित करून घेतली, म्हणजे तुलना सोपी व्हावी. तुलना झाली, व्याकरण हाती आले. परंतु आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, गौराईची गाणी, कानबाईची गाणी, रोटाच्या वेळचे बोलणे, भांडण, शिवी, अंगाई यांतले फारसे काही त्या जाळ्यात आले नाही. ज्या गोष्टीसाठी भाषा जगते तीच निसटली. ही उणीव बऱ्याच अंशी खानदेशातल्याच अभ्यासकांनी पुढे शब्दकोश आणि गीतसंग्रह करून भरून काढली. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या शाळेत शिक्षक होते. बायकांच्या ओव्या गोळा करून त्यांनी ‘स्त्री जीवन’ हा संग्रह केला, तो मानवशास्त्राच्या कोणत्याही यादीत नसतो, आणि असायला हवा.

एक शब्द बदलल्याने प्रश्न कसा बदलतो याचे माझे आवडते उदाहरण देज हे आहे. पावरा आणि भिल्ल समाजात लग्नाच्या वेळी नवऱ्याकडचे लोक मुलीच्या बापाला देज देतात. जुन्या कागदांत आणि शहरी वर्तमानपत्रांत याला मुलगी विकणे म्हटलेले सापडते. आफ्रिकेतही इंग्रज अधिकारी आणि मिशनरी असेच म्हणत. १९३१ साली ई. ई. इव्हान्स-प्रिचर्ड या इंग्रज मानवशास्त्रज्ञांनी एक छोटेसे टिपण लिहून ‘वधूची किंमत’ ही संज्ञा टाकून द्यावी आणि ‘वधूधन’ अशा अर्थाची संज्ञा वापरावी असे सुचवले. कारण किंमत दिली की वस्तू घेणाऱ्याची होते आणि नाते संपते. इथे धन दिल्याने दोन घरांचे नाते सुरू होते. मी धडगाव भागात देजाच्या जितक्या बैठकांना बसलो, तितक्यांत वाद रकमेपेक्षा कोणाकोणाचा मान त्यात धरायचा यावर अधिक झाला: मामाचा वाटा किती, पंचांचे काय, मुलगी परत आली तर काय फिरवायचे. हे सर्व ‘विक्री’ या शब्दात दिसतच नाही. त्याचबरोबर हेही सांगतो की देज आता रोख रकमेत वाढत चालले आहे आणि ते फेडण्यासाठी जोडपे लग्नानंतर लगेच उसतोडीला जाते असे मी पाहिले आहे. संज्ञा सुधारली म्हणून त्रास नाहीसा होत नाही, आणि अभ्यासकाने दोन्ही लिहावे.

आदिवासींच्या प्रश्नावर १९४०च्या दशकात गाजलेला वाद पाठ्यपुस्तकात येतोच, म्हणून थोडक्यात. व्हेरिअर एल्विन यांनी १९३९ च्या बैगांवरील ग्रंथात आदिवासींना बाहेरच्या लुटीपासून जपण्यासाठी राखीव क्षेत्रासारखी कल्पना मांडली. घुर्यांनी १९४३ साली उत्तर दिले की हे लोक म्हणजे मागासलेले हिंदू आहेत आणि त्यांना वेगळे काढणे चुकीचे. परीक्षेत दोघांची मते समोरासमोर लिहून गुण मिळतात. माझी तक्रार अशी आहे की ‘यांचे काय करायचे’ हाच प्रश्न दोघांनी धरून ठेवला होता. तो बदलण्याचे श्रेय मी इतिहासकार डेव्हिड हार्डिमन यांना देतो. १९२२ साली दक्षिण गुजरातच्या आदिवासी पट्ट्यात एक देवी अंगात येऊन लोकांना सांगू लागली की दारू-ताडी सोडा, मांस सोडा, रोज अंघोळ करा, पारशी दारूविक्रेत्याकडे कामाला जाऊ नका. वरवर पाहणारा म्हणेल की हे वरच्या जातींचे अनुकरण. हार्डिमन यांनी गावोगाव फिरून म्हाताऱ्यांच्या मुलाखती घेतल्या आणि १९८७ च्या ग्रंथात दाखवले की दारू सोडणे हा दारूवाल्या सावकाराच्या पेचातून सुटण्याचा, लोकांनी स्वतः शोधलेला मार्ग होता. नवापूर-तळोद्याच्या माणसाला हे परके नाही. १९३०च्या दशकाच्या उत्तरार्धात तळोदा तालुक्यातल्या रंजनपूरच्या गुलाम महाराजांनी भिल्लांत अशीच चळवळ चालवली, एकमेकांना ‘आप’ म्हणायला शिकवले, आणि ‘आप की जय’ हे अभिवादन अजून ऐकू येते. ज्यांना साहेब, सावकार आणि शिपाई ‘अरे-तुरे’च करत आले, त्यांनी एकमेकांना ‘आप’ म्हणण्यात काय आहे, हे समजायला सिद्धान्त लागत नाही. पण ते नोंदवायला कोणीतरी लागतो.

धुळ्याचे म्हणून एक नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. वि. का. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात वारले आणि त्यांच्या कागदपत्रांच्या जतनासाठी तिथे १९२७ साली संशोधन मंडळ उभे राहिले. ‘भारतीय विवाहसंस्थेचा इतिहास’ लिहून त्यांनी कुटुंब आणि लग्न या गोष्टी आदिकाळापासून अशाच होत्या या समजाला धक्का दिला, आणि त्यासाठी शिव्याही खाल्ल्या. त्यांची रीत मला पटत नाही. जुन्या ग्रंथांतील तुकड्यांवरून समाजाच्या अवस्थांच्या पायऱ्या रचण्याची ती पद्धत होती, आणि त्याच सुमारास, १९२२ साली, मालिनोव्स्की यांचा ट्रोब्रिअंड बेटांवरचा ग्रंथ येऊन जिवंत समाजात दीर्घकाळ राहून, त्यांची भाषा शिकून लिहिण्याचा पायंडा पडला होता. राजवाड्यांच्या हातात दप्तरे होती, दारात भिल्ल वस्त्या होत्या. त्यांनी दप्तरे निवडली. तो त्यांचा स्वभाव होता आणि इतिहासाला त्याचा फायदाच झाला, पण खानदेशच्या मानवशास्त्राच्या दृष्टीने मला त्याची चुटपुट लागून राहते. मालिनोव्स्की यांचेही सगळेच अनुकरणीय नव्हते म्हणा. १९६७ साली त्यांची खासगी रोजनिशी छापली गेली तेव्हा बेटावरच्या लोकांविषयी त्यांनी किती चिडून लिहिले होते ते जगाला कळले. वस्तीवर तिसऱ्या आठवड्यात आपलीही चिडचिड होते. ती वेगळ्या वहीत लिहावी, नोंदींच्या वहीत येऊ देऊ नये.

पुरातत्त्वाचे लोक आमचे चुलतभाऊ, पण प्रकाशे (१९५५ मध्ये बी. के. थापर यांनी केलेले उत्खनन), शहादा तालुक्यातल्या सावळद्यावरून नाव पडलेली ताम्रपाषाणकालीन खापरे, आणि चाळीसगावजवळच्या पाटण्याला सापडलेले शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी हा स्वतंत्र विषय आहे, आणि त्यात माझा अधिकार नाही.

तिसऱ्या प्रश्नाकडे येतो. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात जॅक्सन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने मुंबई इलाख्यातल्या शाळाशिक्षकांना प्रश्नावली पाठवून लोकसमजुती गोळा केल्या. १९०९ साली नाशकात त्याची हत्या झाली, तेव्हा तो तिथे कलेक्टर होता. पुढे एन्थोव्हेन यांनी ते साहित्य गुजरात आणि कोकण अशा दोन भागांत छापले. कोकणच्या भागात तळटिपा पाहाव्यात. माहिती देणारा म्हणून ‘शाळामास्तर, अमुक गाव’ एवढेच लिहिलेले आहे. पावसाचे देव, विहिरीतली भुते, झाडांचे नवस हे सर्व ज्यांनी आपल्या अक्षरात लिहून पाठवले, त्या शिक्षकांची नावे गेली आणि ग्रंथावर दोन साहेबांची राहिली. तेव्हा शिक्षकाला भर घालता येते का, याचे उत्तर शंभर वर्षांपूर्वीच मिळालेले आहे. आता ती स्वतःच्या नावाने घालावी, आणि ज्यांनी सांगितले त्यांचे नाव, त्यांना चालत असेल तर, सोबत लिहावे.

ही भर केवळ ज्ञानाची राहत नाही, हेही नंदुरबार जिल्ह्यात राहणाऱ्याने ध्यानात घ्यावे. २००६ च्या वनहक्क कायद्याखालील २००८ च्या नियमांत, तेराव्या नियमात, दाव्यासाठी चालणारे पुरावे दिलेले आहेत. त्यांत गॅझेटियर आणि जनगणनेसारखे सरकारी दस्तऐवज आहेत. जुन्या विहिरी, स्मशाने, देवस्थाने आहेत. वृद्धांचे लेखी जबाब आहेत. पूर्वीच्या कागदांत नाव असलेल्या माणसापर्यंत पोचणारी वंशावळ आहे. आणि चालीरीतींच्या नोंदी असलेले, भारतीय मानववंशशास्त्र सर्वेक्षणासारख्या संस्थांचे अभ्यासही आहेत. रिव्हर्सची वंशावळ, कॅम्बेलचे गॅझेटियर आणि आजीच्या तोंडची हकिकत अशा एका कागदाच्या गठ्ठ्यात येऊन बसतात. एका पाड्यावर मी पंधरा वर्षांपूर्वी केवळ नातेसंज्ञांसाठी लिहून ठेवलेली सहा पिढ्यांची वंशावळ त्या लोकांनी मागून नेली आणि दाव्याला जोडली. वहीत मी कुळदेवाच्या दगडाची जागा लिहिली होती, तीही कामी आली. त्या दिवशी मला पहिल्यांदा भीती वाटली, की यात एखादे नाव मी ऐकण्यात चुकवले असते तर?

म्हणून नोंदीच्या शिस्तीविषयी काही गोष्टी सांगतो. पहिले वर्ष आपल्याच गावात, एकाच भाऊबंदकीत घालवावे. दूरच्या पाड्यावर जाण्याची ओढ आवरावी. कानबाईला सुपातल्या मुठी मोजाव्यात, आणि वैशाखात आखाजीला माहेरी आलेल्या लेकी मोजाव्यात, कारण जे घर श्रावणात लेकींना मोजत नाही तेच आखाजीला त्यांच्याशिवाय पुरे होत नाही. आखाजीच्या नोंदीत झोक्याची आणि गौराईची गाणी सगळेच लिहितात. त्याच दिवशी सालदाराचे साल संपते आणि नवा करार ठरतो, ते ओट्यावरचे बोलणेही लिहावे. वंशावळ विचारताना पुरुषांना आणि बायकांना वेगवेगळे विचारावे. माझ्या अनुभवात पुरुष वर पणजोबा-खापरपणजोबांपर्यंत जातात आणि आडवे विसरतात, बायका वर फार जात नाहीत पण मामेकडची, मावसकडची तीस-तीस घरे मुलांच्या वयांसकट सांगतात. मेलेली लहान मुले आणि मोडलेली लग्ने शेवटी विचारावीत, आणि ती विचारताना वही बंद ठेवावी. देवस्थानाचा फोटो परवानगी मिळाली तरी पहिल्या भेटीत काढू नये. आपण शिक्षक आहात, म्हणजे लोक आपल्याला बरोबर उत्तर देण्याचा प्रयत्न करतील, परीक्षेत देतात तसे. ही अडचण बाहेरून आलेल्या संशोधकाला कमी असते. त्यावर मला सापडलेला उपाय एवढाच, की प्रश्न कमी विचारावेत आणि रोट भाजले जात असताना, निंदणी चालू असताना, बसची वाट पाहताना जे आपोआप बोलले जाते ते त्याच रात्री लिहून काढावे.

आणि लिहिताना सुधारू नये. आपल्या भागात ‘डोळा’ हा ‘डोया’ होतो, ‘काळा’ हा ‘काया’, मुलगा ‘आंडोर’ आणि मुलगी ‘आंडेर’. वर्गात लाल पेनाने ‘डोया’ खोडण्याची सवय हाताला लागलेली असते. माझ्या पहिल्या तीन वह्यांत मी ऐकलेले सगळे पुणेरी करून लिहिले आहे, आणि त्या वह्यांतल्या एकाही गाण्याचा आज उपयोग होत नाही, कारण गाणाऱ्या बाईंनी ‘केय’ म्हटले होते की ‘केळ’, हे आता विचारायला त्या नाहीत.